तुळजाबाईचा जोडफोटो

गिरणीवाल्या बाईवर कुणाचा भरोसा नसतो. पीठ कमी भरलं की ती चोर, जाडं आलं की ती आळशी. हे सगळं मी ऐकून घेते, कारण धंदा हाय. पर माझ्या पिठानं कुणाचं कॉम्प्युटर तापलं, असा आळ माझ्यावर पहिल्यांदाच आला, आन् तो बी महेमूदभाईनं घातला. त्या माणसानं जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता.

टेंभुर्णीच्या बाजारगल्लीत माझी गिरणी आन् त्याचा फोटो स्टुडिओ, भिंतीला भिंत. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच न्हाई, वर हातभर फट राह्यली. त्या फटीतून माझं पीठ तिकडं जायचं आन् त्याच्या रेडिओची गाणी इकडं यायची. दुपारी दळण थांबलं की पत्र्याच्या छिद्रांतून कवडसे उतरायचे, त्यात पीठ तरंगत राह्यचं, पलीकडं गाणं चालू असायचं, आन् मला डब्यावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. त्या वक्ताला आपण टेंभुर्णीत हाव का दुसऱ्याच मुलखात, ह्याचा पत्ता लागायचा न्हाई.

महेमूदभाई कायम तसाच, कवडशात बसल्यासारखा. चहाचा कप हातात निवून जायचा तरी हा समोर बघत राह्यचा. काय बघायचा ते त्यालाच ठाऊक. स्टुडिओत त्याच्या बापानं रंगवून घेतलेला एक पडदा होता. निळं तळं, दोन हंस, मागं बर्फाचे डोंगर. आमच्या गल्लीला आठ-आठ दिवस नळ यायचा न्हाई, पर त्या पडद्यावरचं तळं कधी आटलं न्हाई. गावातली सगळी लेकरं त्या तळ्याकाठी उभी राहून मोठी झाली. माझं लग्न झाल्यावर आमच्या मालकांनी, म्हणजे संपतरावांनी, मला बी तिथंच नेऊन उभं केल्तं. महेमूदभाई म्हणला, "बेबीताई, पाण्याकडं बघा." आन् मी येड्यासारखं खरंच बघितलं.

दोन हजार साल उलटलं तसे जालन्यात फोटो कॉम्प्युटरवर व्हायला लागले. गिऱ्हाईक तिकडं चाललं. महेमूदभाईला तयार मशीन झेपणारं नव्हतं, मंग तो एसटीनं जालन्याला जायचा आन् दर खेपेला एखादा पुर्जा टॉवेलात गुंडाळून आणायचा. तिथल्या दुकानदारानं चित्र काढून दिल्तं, ते बघत बघत त्यानं सगळं जोडलं. राह्यला फक्त वरचा डबा. तो समोरच्या रामकिसन सुतारानं करून दिला.

रामकिसनभाऊ आन् महेमूदभाई लंगोटीयार. भाऊनं उरलंसुरलं सागवान काढलं आन् ठोकत बसला. हवा खेळावी म्हणून मागं जाळी कोरली, वर कमान काढली, बाजूची फळी सरकवून उघडायची केली. झालं असं, की तो डबा दिसायला थेट देवारा झाला. लोक म्हणायचे, "महेमूदभाई, देव कवा बसवता?" तो म्हणायचा, "बसलाय की आत. तापट हाय जरा, म्हणून पंखा लावलाय."

तापट कामून, ते बी त्यानं मला भिंतीवरून समजावलं होतं. मशीनच्या मधोमध एक चौकोनी चकती असती, प्रोसेसर म्हणतात तिला. सगळी कामं तिच्या डोक्यावर, म्हणून ती तापती. तिच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवायचा, ठोकळ्यावर पंखा. चकती आन् ठोकळा एकमेकाला बराबर चिकटून पाह्यजेत, मधी पांढऱ्या मलमाचा पातळ हात, म्हणजे गरमी वर निघून जाती. म्या म्हणलं, "आमच्या घरात बी सगळी कामं माझ्याच डोक्यावर हायत, मला न्हाई कुणी पंखा लावला." तो हसला.

त्या मशीनवर तो फोटो जोडायचा. पुण्याला कंपनीत गेलेलं पोरगं आईशेजारी येऊन बसायचं. ओळखपत्रावरचा आजा नवा फेटा घालून नातवाच्या लग्नात उभा राह्यचा. महेमूदभाईच्या फोटोत कुणी मेलेलं नसायचं, कुणी परगावी नसायचं. कुणी किती लगटून बसावं, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर असावा, ह्याच्यावर तो दुपारच्या दुपार काढायचा. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, पर फोटो बघितला की गप व्हायचं.

मंग माघात रामकिसनभाऊ गेला. रंधा मारता मारता खाली बसला, तो उठलाच न्हाई. महेमूदभाई तेरावं होईपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून होता.

श्रावणात तुळजाआक्का, म्हणजे रामकिसनभाऊची बायको, स्टुडिओत आली. मी बी तिथंच होते. ती म्हणली, "महेमूदभाई, दिवाळीला लेक-जावई येऊन राह्यलेत. भाऊबीज झाली की मला नाशिकला घेऊन जातेत. घराला कुलूप घालायचं. आमचा दोघांचा मिळून एक बी फोटो न्हाई. एवढा करून द्या, मी संगं नेईन."

फोटो कसा न्हाई, तर भाऊला लाज वाटायची बायकोशेजारी बसायची. त्याचा एकट्याचा एक होता, महेमूदभाईनंच काढलेला, त्या देवाऱ्यासारख्या डब्यावर हात ठेवून. तुळजाआक्काचा त्या दिवशी काढला. महेमूदभाईनं विचारलं, "मागं काय टाकू, भाभी? काश्मीर टाकू?" ती म्हणली, "आमच्या दारातला लिंब टाका. तिथंच बसायचे त्ये." आन् उठता उठता म्हणली, "मला हाय तशीच ठेवा. नटवू नका."

लिंब झाला, सावली झाली, दोघांना बाजेवर बसवून झालं. तरी फोटो काही पुरा व्हईना. एक दिवस फटीतून आवाज आला, "बेबीताई, ऐकताव का?"

"बोला."

"भाऊ जिता बसलाय इथं, हसून राह्यलाय. आन् भाभीचं कपाळ मोकळं. कसं दिसंल?"

"मंग लावा की कुंकू. तुमच्याच हातात हाय."

"त्या बोलल्या, नटवू नका."

"मंग नका लावू."

"मंग भाऊ मेलेला दिसतो."

म्या गिरणी चालू केली.

असंच दसऱ्यापर्यंत गेलं. आमच्या गल्लीत खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागायचं ते तुळजाआक्काच्या हातचं. सुताराच्या घरची बाई, मान तिचा. भाऊचा रंधा, माझ्या गिरणीचा पट्टा, आन् महेमूदभाईचा कॅमेरा. तो नमाजी माणूस, पर बापापासून चालत आलेलं त्यानं मोडलं न्हाई. त्या दिवशी काम बंद ठेवायचा, कॅमेरा पुसून टेबलावर ठेवायचा आन् बाजूला उभा राह्यचा. तिचा हात हलका. बोट टेकवायची, चार अक्षता टाकायची, पुढं जायची.

त्या साली ती आली न्हाई. विधवेच्या हातचं कुंकू चालत न्हाई, हे कुणी बोललं न्हाई, बोलायची गरजच पडली न्हाई. ती आपल्या दारात वाती वळत बसली होती. माझी पूजा मीच उरकली. मला वाईट वाटलं, पर रीत ती रीत.

महेमूदभाईनं त्या दिवशी कामाला सुट्टी म्हणून मशीन साफ करायला काढलं. फळी सरकवली, ठोकळा आन् पंखा उपसला आन् सायकलच्या दुकानात हवा मारायला घेऊन गेला. तिथं चहा, गप्पा. परत आला तर लाइट गेलेली, दिवस मावळलेला. पर त्याला उजेड कशाला पाह्यजे? जन्मभर अंधाऱ्या खोलीत बोटांनी रिळं चढवलेली. ठोकळ्याच्या बुडाला मलम फासलं, चाचपून जाग्यावर बसवला, चाप दाबले. दुसऱ्या दिवशी मला ऐटीत सांगितलं, "बिलकुल अंधारात बसवलं, बेबीताई. हाताला डोळे हायत माझ्या."

मंग सुरू झाली पिडा. मशीन चालू केलं की माझं एखादं दळण उतरेपर्यंत नीट चालायचं, मंग एकदम मशीनचा पडदा काळा. केलेलं काम सगळं पुसलेलं. थंड झालं की परत चालू, परत बंद. महेमूदभाईला आधी वाटलं व्होल्टेजचं काम हाय, कारण माझी गिरणी चालू झाली की त्याचा बल्ब पिवळा पडायचा. म्हणून तो दुपारी गिरणी बंद असताना बसायला लागला. तरी तेच. मंग त्यानं मशीनला काहीच काम न देता नुसतं चालू ठेवलं आन् मला बोलावलं. पडद्यावर चकती किती तापली त्याचा आकडा दिसत होता. आम्ही दोघं बघत राह्यलो आन् तो आकडा निवांत चढत गेला, दूध वर यावं तसा.

"बुखार हाय याला," तो म्हणला.

फळी काढून टेबलफॅन लावला. थोडं जास्त टिकलं, मंग बंद. जालन्याहून नवा पंखा आणला. पंखा झकास फिरायचा, चकती तापायची ती तापायचीच. हात लावला तर ठोकळा कोमट आन् आकडा बघावा तर चढलेला. जालन्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, ठोकळा काढून खालचं मलम बघा. हा म्हणला, ते तर मी सोताच नवं लावलं, ते कशाला बघायचं. दुकानदार म्हणला, मंग लाकडाचा डबा फेका, पत्र्याचा घ्या. महेमूदभाईनं फोन ठेवून दिला.

डबा तो फेकणार नव्हता. त्याच्या हातच्या कामात चूक असंल हे त्याच्या मनात आलं न्हाई. मंग राह्यलं कोण? मी. फटीतून आवाज आला, आन् तो चढलेला होता. "बेबीताई, तुमचं पीठ बसून राह्यलंय आत. तुमच्या पिठानं मारलं माझं मशीन. भाभी चालल्या, आन् माझ्याकडं त्यांना द्यायला काय हाय? काळा पडदा?"

मला असा राग आला की विचारू नका. म्या म्हणलं, "माझं पीठ तुमच्या बापाच्या वक्तापासून उडतंय, तवा न्हाई कुणाचं काही बिघडलं." पर रात्री डोळ्याला डोळा लागंना. खरंच माझं पीठ असंल तर? तुळजाआक्का रिकाम्या हातानं जाईल, ते माझ्यामुळं?

म्हणून वसुबारसेला म्या गिरणी बंद ठेवली. ऐन दिवाळीत, भाजणी आन् बेसनाच्या दिवसात. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या, आन् मी ओट्यावर हाताची घडी घालून बसलेली. एकजण म्हणली, "बाई, चकल्या काय शिमग्याला करू?" दुसरी म्हणली, "हिला माज आलाय." म्या ऐकून घेतलं. महेमूदभाईनं ब्रशनं मशीनचा कानाकोपरा साफ केला आन् चालू केलं. गल्लीत एवढी शांतता होती की त्याचा पंखा मला ओट्यावर ऐकू येत होता. वाटलं, आता चालंल. थोड्या वेळानं पंख्याचा आवाज थांबला.

मंग मात्र मी उठले. पदर खोचला आन् गेले स्टुडिओत. "उचला तो डबा. मागच्या अंगणात घ्या, उन्हात. सगळं खोला, ठोकळ्यासकट. माझ्या पिठाचा एक कण दावा, मी गिरणी विकून टाकते."

तो उठला. अंगणात बाजेवर पांढरी चादर टाकली, तिच्यावर तो देवारा ठेवला. ऊन कवळं होतं, कुठून तरी कापसाचं बोंड फुटल्यावरचे तंतू उडत येत होते. त्यानं चाळिशी लावली, चाप सोडवले आन् ठोकळा अल्लाद उचलला.

चकतीच्या कडेला तांदळाचा एक दाणा होता. भाजून तांबूस झालेला. ठोकळा एका बाजूनं त्याच्यावर टेकून राह्यला होता, चकतीला पुरा चिकटलाच नव्हता.

"हे बघा," महेमूदभाई म्हणला. "गिरणीचंच निघालं."

"डोळे फुटले का? तांदूळ दळला तर पीठ उडंल, दाणा उडंल का?" म्या डोकं आत घातलं. दाणा एकीकडून पिवळा होता. चकतीवरचं पांढरं मलम गुलाबी झालं होतं. आन् आतल्या फळीवर, जिथं रामकिसनभाऊनं माप घ्यायला पेन्सिलीनं रेघ मारली होती ती तशीच राह्यली होती, त्या रेघेच्या शेजारी दोन बोटं उमटली होती. एक हळदीचं, एक कुंकवाचं.

खंडेनवमीला महेमूदभाईचं दुकान उघडंच होतं, नुसता दारावरचा पडदा ओढलेला. गल्लीत सगळ्यांची पूजा चाललेली. तुळजाआक्का कवा उठली, कवा आत आली, कुणी बघितलं न्हाई. समोर नवऱ्याच्या हातचा डबा, देवाऱ्यासारखा, उघडा. आत मधोमध ती चौकोनी चकती. तिला ते कपाळच वाटलं असंल. सोताच्या कपाळाला आता जन्मभर लावायचं न्हाई असं ते कुंकू तिनं बोटावर घेतलं, तिथं लावलं, नवऱ्याच्या रेघेला लावलं, अक्षता टाकल्या आन् परत जाऊन वाती वळत बसली.

महेमूदभाई बाजेच्या कडेला बसला. चाळिशी काढून पुसली, परत लावली, परत काढली. माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, ते मी थांबवलं न्हाई. तो म्हणला, "मला वाटायचं, फोटोत कुंकू लावू का, इचारावं त्यांना. हिंमत न्हाई झाली. आन् त्यांनी तर कवाच सांगून ठेवलंय."

त्यानं तो दाणा कापसात गुंडाळून खिशात ठेवला. चकती पुसून घेतली, नवं मलम लावलं, ह्या खेपेला उजेडात, डोळ्यांनी बघून. ठोकळा बसला. फळीवरच्या दोन बोटांना त्यानं हात लावला न्हाई.

मशीन चालू केलं. मी बाजूला स्टुलावर बसले. आकडा जरा चढला आन् तिथंच थांबला. दुपार झाली, कवडसे उतरले, गिरणी बंदच होती. पडद्यावर लिंब आला, बाज आली, रामकिसनभाऊ हसत बसला, त्याच्या शेजारी तुळजाआक्का. महेमूदभाई एकदा उघड्या फळीकडं बघायचा, एकदा पडद्याकडं. तसाच रंग जुळवला, जरा काळपट, तिच्या घरच्या कुंकवाचा. आन् ती लावायची तेवढंच मोठं, तसंच जरा डाव्या अंगाला कललेलं, तिच्या कपाळावर लावलं. मला एकदम वाटलं, समोरून आता रंध्याचा आवाज यायला लागंल. आला न्हाई, पर मी कान देऊन बसले होते हे खरं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या घराला कुलूप लागलं. जीप उभी, जावई सामान बांधून राह्यलेला. तुळजाआक्का पदर सारखा करत स्टुडिओच्या पायरीवर आली. मी बी हातातलं दळण टाकून आले.

"झालं का महेमूदभाई? मला कळलं मशीन लई बिघडलं होतं तुमचं. काय निघालं हो त्याच्यात?"

मला दिसत होतं, हे विचारायला ती किती दिवस थांबली असंल. महेमूदभाई कपाटातून चौकट काढत होता. पाठ तिच्याकडंच ठेवून तो म्हणला, "काय निघणार भाभी. धूळ. बेबीताईच्या गिरणीचं पीठ."

आन् त्यानं चौकट तिच्या हातात दिली.

तिनं बघितलं. आधी भाऊकडं, मंग लिंबाकडं, मंग सोताकडं. तिचं बोट काचेवर गेलं, कपाळाच्या जाग्यावर, आन् तिथंच थांबलं. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला तरी हललं न्हाई. मंग तिनं वर बघितलं, महेमूदभाईकडं. तो टेबलावरचं काहीतरी पुसत होता. म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं.

"पीठच होतं का गं, बेबी?"

मी गल्लीसमोर, जावयासमोर, डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हणलं, "व्हय आक्का. माझंच पीठ. किती झाडलं तरी जातंय कुठं."